कुंकू लावलेली फ्लॉपी

सरांच्या हातात कुठलीही फ्लॉपी दिली की ते ती आधी खिडकीच्या उजेडाकडे धरायचे, जणू आतलं आरपार दिसणार आहे, आणि विचारायचे, "हिच्यात काय हाय?"

आपण म्हणायचं, "काही नाही सर, कोरीच आहे."

"कोरी हाय म्हणून कोण म्हणलं? तू बघितलंस?"

मग ती फ्लॉपी मशीनमध्ये सरकवायची, खटका पाडायचा, डीआयआर ही तीन अक्षरं टाईप करायची आणि पडद्यावर येईल ते एकेक नाव मोठ्यानं वाचायचं. शाळेत हजेरी घेतात तसं. एकही नाव आलं नाही, तर "काही नाही" हेसुद्धा मोठ्यानं म्हणायचं. ते कानावर पडल्याशिवाय सर फॉरमॅटचा एफ दाबू द्यायचे नाहीत. पोरांनी त्यांचं नाव 'हिच्यात-काय सर' पाडलं होतं. एकदा जिन्यात एकानं दुसऱ्याला विचारलं, "काय रे, हिच्यात-काय आले का?" आणि मागून सरच जिना चढत होते. म्हणाले, "आलेत. तुझ्या दप्तरात काय हाय?"

ही खोड फ्लॉपीपुरती नव्हती. फळा पुसायच्या आधी ते डस्टर हातात धरून उभे राहायचे आणि शेवटच्या बाकापर्यंत प्रत्येकाला विचारायचे, "झालं का लिहून?" कचऱ्याची टोपली खाली नेण्याआधी तिच्यातले बोळे उलगडून बघायचे. चहावाल्यानं कप उचलायला हात घातला, तर कप वाकडा करून तळ बघायचे. लोक हसायचे. मीही हसायचे, पण मनापासून नाही. कारण सर आधी असे नव्हते, आणि असे कशानं झाले हे मी डोळ्यांनी बघितलं होतं.

मी मुदखेडची. वडील रेल्वेत गँगमन. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेली पहिली मी, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. दहावीला बरे मार्क पडले तेव्हा वडील म्हणाले, "सगळे लातूरला पाठवून राहिले, आपणबी पाठवू." लातूरला पोरगी पाठवली की ती डॉक्टर होऊनच परत येते, असं तेव्हा आमच्याकडे लोकांना वाटायचं. भूकंप होऊन थोडाच काळ गेला होता. लातूरच्या स्टँडवर एकाच बसमधून दोन तऱ्हेची माणसं उतरायची. एक, माझ्यासारखी, पत्र्याची ट्रंक आणि गादीची वळकटी घेऊन शिकवणीला आलेली. दुसरी, प्लास्टिकच्या पिशवीत अर्ज आणि फोटो घेऊन कचेरीत चाललेली. रिक्षावाले दोघांनाही एकाच आवाजात बोलवायचे.

मी डॉक्टर झाले नाही. मार्क कमी पडले. रडून घेतलं, बी.एस्सी.ला नाव घातलं आणि दुपारचा वेळ रिकामा राहतो म्हणून सरांच्या क्लासला जायला लागले. बी-बियाण्याच्या दुकानावरची माडी. पूर्वी तिथं टायपिंगचा क्लास होता, सर तिथं शिकवायचे. पुढं त्यांनीच टाईपरायटर भिंतीकडे सरकवले आणि मध्ये कॉम्प्युटर मांडले. जुनी मशीनं, आत साठवायला काही नाही. जे काही ठेवायचं ते फ्लॉपीवर. आजच्या पोरांना ही फ्लॉपी सांगावी लागते: तळहातापेक्षा मोठा, काळा, पातळ चौकोन, वाकवला तर वाकणारा. नवी फ्लॉपी म्हणजे न नांगरलेली जमीन. आधी फॉरमॅट करायची, मग तिच्यावर लिहायचं. जुन्या फ्लॉपीला फॉरमॅट केलं की आधीचं सगळं गेलं.

तेव्हाचे सर रुबाबदार होते. टायपिंगनं घडलेली बोटं, कीबोर्डवर पाऊस पडल्यासारखी पडायची. शर्ट खोचलेला, खिशात काळ्या चिकटपट्टीचा रोल. फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. तिच्यावर पट्टी चिकटवली की मशीनला त्या फ्लॉपीवर लिहिताही येत नाही आणि ती पुसताही येत नाही. "महत्त्वाचं काम झालं की खाच झाका, आन दुसरी प्रत काढा," असं ते पहिल्याच दिवशी सांगायचे. आणि लगेच बढाई मारायचे. साधं फॉरमॅट त्यांना पसंत नव्हतं. साध्या फॉरमॅटमध्ये मशीन जुन्याची खूण मागं ठेवतं, वेळ पडली तर परत आणता येतं. आज्ञेच्या मागं तिरपी रेघ देऊन यू लिहिलं की खूणही राहत नाही. सर ती रेघ आणि ते अक्षर अशा झटक्यात मारायचे की आम्ही बघतच राहायचो. "वरवर झाडलं तर घर झाडलं म्हणत न्हाईत," ते म्हणायचे. "धुऊन काढायचं."

सर औसा भागातल्या एका गावचे. भूकंपाच्या रात्री ते लातूरला खोलीवर होते म्हणून वाचले. भाऊ, भावजय, त्यांचं लेकरू राहिलं नाही. त्याबद्दल ते बोलायचे नाहीत आणि आम्ही विचारत नव्हतो. पण गावाचं म्हणून एक काम त्यांनी अंगावर घेतलं होतं. नवं गाव दुसऱ्या जागेवर बांधून होत आलं होतं, सारखी घरं, सरळ ओळी. कोणाला कुठलं घर द्यायचं हे ठरायचं होतं. गावकऱ्यांचं मागणं एवढंच, की शेजार मोडू नका. जुन्या गावात ज्याच्या भिंतीला जो होता, तो नव्या गावातही असू द्या. पुनर्वसन कचेरीतले साहेब म्हणाले, कोण कोणाच्या शेजारी होतं ते नीट छापून आणा, बघू. नाहीतर चिठ्ठ्या टाकू.

मग रविवारी रविवारी गाव माडीवर यायला लागलं. म्हातारी माणसं जिना चढून यायची, पायताणं ओळीनं काढायची आणि कॉम्प्युटरला नमस्कार करून बसायची. सर विचारायचे, ती सांगायची, सर टाईप करायचे. मी सतरंजी टाकायचे आणि पाणी द्यायचे, पण खरं म्हणजे मी ऐकायला थांबायचे. असं भांडण मी पुन्हा ऐकलं नाही.

"गोदामावशी, तुमच्या उगवतीला कोण?"

"चांदबी. आन कोण? आमची भिंत एकच. तिच्यात भोक हाय. त्या भोकातनं म्या चुलीला इस्तू घ्यायची, ती इरजण घ्यायची."

"इरजण माझं हुतं," चांदबी मागून म्हणाली. "तू घ्यायचीस."

"म्या कवा घेतलं?"

"जनमभर!"

सर हसून म्हणाले, "मावशी, भोकाला रकाना न्हाई हिच्यात."

"मग कर की! येवढं मोठं यंत्र घेऊन बसलाव, एक भोक करता येईना?"

खालच्या गल्लीचे एक आबा होते. ते दर रविवारी सांगायचे, "माझ्या दारापुढं कडुलिंब लिव." सर म्हणायचे, "आबा, लिंबाला घर मिळत न्हाई." आबा म्हणायचे, "त्याला नगं. पर त्यानं आमाला सावली दिलती, त्याचं नाव तर लागू दे." सरांनी लिंब लिहिला. भोकही लिहिलं. मी पडद्यावर वाचलं आहे.

मी एकदा म्हटलं, "सर, हे कागदावरही उतरवून ठेवू का?" सर म्हणाले, "कागदाचं नाव काढू नगंस. गावची सगळी दप्तरं ढिगाऱ्याखाली गेली, सातबारे गेले, माझ्या दाखल्याची पेटी गेली. कागद दबतो. ही खिशात बसती." आणि त्यांनी फ्लॉपी खिशापाशी धरून दाखवली. खाचेवर पट्टी लावली नव्हती, कारण दर रविवारी भर पडत होती. दुसरी प्रत काढली नव्हती, कारण काम पुरं झालं की काढायची होती.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी दोन घरं सोडून सगळं गाव भरलं. ती दोन घरं उदगीरला लेकीकडे गेली होती, पुढच्या रविवारी येणार होती. सरांनी फ्लॉपी बाहेर काढली. तिच्यावर नाव लिहायचं, तर बॉलपेननं लिहायचं नाही, दाब पडून आतली चकती खराब होते, हा सरांचाच नियम. स्केचपेन वाळून गेलेलं. तेवढ्यात गोदामावशी उठली. देवीच्या फोटोपुढं करंडा होता, त्यात बोट बुडवलं आणि फ्लॉपीच्या पांढऱ्या चिठ्ठीवर मधोमध कुंकवाचा ठिपका लावला. मावशीचा नवरा भूकंपात गेला होता. म्हणाली, "माझ्या कपाळाचं गेलं. हिच्या तरी ऱ्हाऊ दे. गाव हाय हिच्यात."

मग सर म्हणाले, "झ्याक झालं मावशी. खूण झाली. आता चुकायची न्हाई."

दसरा आला. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शेतकरी नांगराची करतो, माझे वडील रुळाच्या पान्याची करायचे. सर टायपिंगच्या काळापासून मशीनांची करत आलेले. आम्ही मशीनं पुसली, झेंडूच्या माळा घातल्या. फ्लॉप्यांची नवी खोकी फोडून सगळ्या फ्लॉप्या पाटावर रचल्या. सरांनी खिशातून गावाची फ्लॉपी काढली आणि तीही पूजेला ठेवली, मानानं, सगळ्यांच्या वर. मग करंडा घेतला आणि बोट बुडवून एकेका फ्लॉपीला कुंकू लावत गेले. मधोमध, गोल, नीट. सरांना कुठलंही काम नीटच करायची सवय. आरती झाली, प्रसाद झाला, पाट उचलताना चळत कलंडली, ती कोणीतरी सारखी करून खोक्यात भरली.

दुसऱ्या दिवशी घाईचं काम होतं. शेजारच्या एका शिकवणीवाल्यांना नांदेडला शाखा काढायची होती. भौतिकशास्त्राचे प्रश्न सरांनीच टाईप केलेले, त्यांच्या भराभर प्रती हव्या होत्या. मी शेजारी बसून एकेक फ्लॉपी हातात देत होते. सर आत सरकवायचे, खटका पाडायचे, फॉरमॅट. संपलं की मशीन विचारायचं, आणखी एक करायची का? सर ठेक्यात वाय दाबायचे. मी पुढची द्यायची. सगळ्यांना कुंकू होतं. सर खुशीत होते, शीळ घालत होते. संध्याकाळी शिकवणीचा माणूस येऊन गठ्ठा घेऊन नांदेडच्या गाडीला गेला.

रविवारी माणसं आली. उदगीरची दोन घरंही आली, नवी टोपी, नवं लुगडं. गोदामावशी पुढं बसली आणि म्हणाली, "काढा आमचं गाव."

सरांनी शर्टाच्या खिशाला हात लावला. मग खोकं उघडलं. सगळ्या फ्लॉप्यांवर ठिपका. पहिली घातली, भौतिकशास्त्राचे प्रश्न. दुसरी घातली, पडदा कोरा. तिसरी कोरी. सर प्रत्येक वेळी डीआयआर टाईप करत होते आणि त्यांची बोटं चुकत होती. मी त्यांची बोटं चुकताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. मागं कोणीतरी म्हणालं, "यंत्र तापलं वाटतं, थांबा जरा." पुसलेलं परत आणायची आज्ञा असते, सरांनी तीही दिली. पण त्या आज्ञेला जुनी खूण लागते, आणि खूण धुऊन काढणारं ते एक अक्षर सरांनीच प्रत्येक वेळी लावलं होतं.

त्याच दुपारच्या बसनं ते नांदेडला गेले. गठ्ठ्यातल्या फ्लॉप्या तिथल्या मशीनवर एकेक करून उघडल्या. सगळ्यांत तेच प्रश्न. एक वस्तू उंचावरून पडली तर किती वेळात जमिनीवर येईल. त्यातल्या कुठल्यातरी एका फ्लॉपीत या प्रश्नांच्या खाली गाव होतं, लिंब होता, भिंतीचं भोक होतं. कुठल्या, हे कळायलाही मार्ग नव्हता. परत आले तेव्हा माझ्याजवळ एवढंच बोलले, "मुलं प्रश्न सोडवत बसलेत गं तिथं. आमच्या गावावर गणितं सोडवलालेत."

साहेबांनी मुदत दिली नाही. समारंभ ठरलेला होता. सरांनी पुन्हा सगळ्यांना जमवून लिहायचा प्रयत्न केला, पण खालच्या गल्लीचे आबा दसऱ्यालाच आजारी पडून गेले होते आणि ती गल्ली त्यांच्याशिवाय कोणाला धड लागेना. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. आपापल्या चिठ्ठीप्रमाणे गाव त्या सरळ ओळींत विखुरलं.

गावच्या तात्पुरत्या पत्र्याच्या शाळेत सरांनी सगळ्यांपुढं उभं राहून सांगितलं, "म्या पुसलं." मी सोबत गेले होते. मला वाटलं लोक अंगावर येतील. तसं काही झालं नाही. एक म्हातारा म्हणाला, "आवो सर, धरणीनं पुसलं ते काय कमी हाय? तुमच्या एका फ्लापीचं काय घेऊन बसलाव?" दुसरा म्हणाला, "जाऊ द्या. तुमचंबी घर गेलंय की." बायांनी चहा केला. एकेक जण येऊन सरांच्या पाठीवर हात ठेवून जायला लागला, आणि प्रत्येक हातासरशी सर आणखी वाकत गेले. शेवटी गोदामावशी आली. तिनं हात ठेवला नाही.

"पुसलं म्हंजी? वरवर, का धुऊन?"

"धुऊन, मावशी."

"मग माफी कशाची मागलालास? म्या न्हाई करायची माफ." आणि ती निघून गेली.

त्यानंतर सरांचा रुबाब गेला आणि तो प्रश्न आला. फॉरमॅट शिकवायची त्यांची रीत बदलली. "नीट बघा," ते म्हणायचे, "सगळ्या फाईली एकदम काढून टाकायच्या असल्या की हे यंत्र इचारतं, नक्की का? पण अख्खी फ्लॉपी पुसताना इचारत न्हाई. नवी घाला, एंटर मारा, बस. आन पुसून झाल्यावर इचारतं, आणखी एक पुसू का? म्हणून आधी आपण इचारायचं." ती तिरपी रेघ आणि ते अक्षर त्यांनी परत फळ्यावर लिहिलं नाही. उदगीरकडच्या एका हुशार पोरानं पुस्तकात वाचून विचारलं, "सर, मागं यू लावलं तर काय होतं?" सर खडू खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्या पोराला अजून माहीत नसेल आपण काय विचारलं ते.

एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, फ्लॉप्या एकेक करून मीच देत होते. माझाही हात आहे."

"तू देत होतीस. इचारायचं काम माझं होतं." आणि लगेच, "त्या पोरीच्या फ्लॉपीची खाच झाकली का बघ."

रविवारी क्लास बंद ठेवून ते नव्या गावाला जायला लागले. दर रविवारी. आम्हाला वाटायचं, घर मिळालंय, बघायला जात असतील. एकदा मी सोबत गेले तेव्हा कळलं. ते आपल्या घराचं कुलूपही न काढता सरळ गोदामावशीकडे गेले. तिचं घर गावाच्या या टोकाला, चांदबीचं त्या टोकाला. मध्ये ट्रक वळेल एवढाले रस्ते, आणि दोघींचेही गुडघे गेलेले. मावशी दारातच बसली होती. सरांना बघून म्हणाली, "आला का गावपुश्या?"

"आलो, मावशी."

"ही कोण? हिलाबी पुसायला शिकवलालास का?"

"न्हाई. इचारायला."

"ऱ्हाऊ दे. लई शाणा झालास." आणि तिनं फडक्यात बांधलेलं पितळी भांडं पुढं सरकवलं. विरजण. सर ते दोन्ही हातांत धरून निघाले. भर उन्हात, एम.ए. झालेला माणूस, विरजणाचं भांडं सांडू नये म्हणून पाय जपून टाकत चाललेला. गावातली पोरं मागून 'दहीवाले सर' म्हणून ओरडत होती. चांदबीनं ते घेतलं, आपल्याकडचं थोडं दुसऱ्या भांड्यात दिलं, म्हणाली, "तिला म्हनावं, अवंदा तुझं लई आंबट झालंय. आन बैठो सर, च्या पिऊन जावा." सर बसले नाहीत. ते भांडं घेऊन परत या टोकाला आले.

येताना बसमध्ये त्यांनी सांगितलं. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी मावशीनं भिंतीच्या भोकातून चांदबीला विरजण दिलं होतं. मावशीच्या घरातलं काही राहिलं नाही. चांदबीच्या घराचा एक कोपरा उभा राहिला, त्यात शिंक्यावर ते गाडगं होतं. पुढं त्या गाडग्यातल्या विरजणानंच दोघींकडं दही लागत राहिलं. एकीकडचं नासलं की दुसरीकडून आणायचं. "दोन घरी ठेवलं म्हणून राहिलं," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्यांच्याकडं दुसरी प्रत होती."

मी विचारलं, "सर, एवढी माणसं प्रेमानं बोलवतात, त्यांच्याकडे जात नाही आणि ही शिव्या देते तिच्याकडे बसता?"

"माफ केलेल्यांच्या ओसरीवर बसवत न्हाई गं," ते म्हणाले. "हिच्या इथं बसवतं. ही खरं बोलती."

मला नांदेडला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची नोकरी लागली. सरांचा निरोप घ्यायला गेले तेव्हा त्यांनी खिशातला काळ्या पट्टीचा रोल काढून माझ्या हातावर ठेवला. नंतर लातूरला गारेगार खोल्यांचे मोठे क्लास आले, सरांची माडी बंद पडली, फ्लॉप्या गेल्या, पट्टी लावायला खाच राहिली नाही. रोल माझ्या टेबलाच्या खणात वाळून दगड झाला. डोळ्यांच्या दवाखान्यासाठी सर एकदा नांदेडला आले तेव्हा माझ्या वर्गात डोकावले. मी पोरांना सांगत होते, "आधी उघडून बघा आत काय आहे ते, मग पुसा." एक पोरगा मागं कुजबुजला, "मॅडमचं सुरू झालं." सर दारात उभे राहून हसले. जाताना माझ्या गळ्यातल्या पेनड्राईव्हकडे बोट करून म्हणाले, "हिच्यात काय हाय?" मी त्यातलं सगळं पाठ म्हणून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. ती आमची शेवटची भेट.

सर गेल्याचं मला उशिरा कळलं. त्या रविवारी मी गावाला गेले. गोदामावशी तशीच दारात, आणखी लहान झालेली. शेजारी फडक्यात बांधलेलं भांडं. मी कोण ते सांगितलं, तिला ओळख पटली. तिनं भांड्याच्या फडक्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाली,

"चूक काय त्याची एकट्याची हुती व्हय? कुंकू तर म्याच लावलं. म्या लावलं नसतं, तर त्यानं दुसरी काय तरी खूण केली असती. मला काय कळत नव्हतं व्हय?"

"मग मावशी, सरांना एकदा म्हणायचं ना तसं."

"म्हणले असते तर सुटला असता. त्या बाकीच्यांनी सोडला, त्यांच्याकडं गेला का कवा? सुटलेला माणूस कशाला येईल गं दर ऐतवारी? त्याला भाऊ न्हाई, मला लेक न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आवंदा म्हणणार हुते. दसऱ्याला म्हणणार हुते. ऱ्हाऊन गेलं."

मग तिनं भांडं माझ्याकडे सरकवलं.

"चांदबीकडं ने. सांडू नगंस." आणि मी उठून उभी राहिले तेव्हा डोळे बारीक करून माझ्याकडे बघत म्हणाली, "त्या दिशी तूबी हुतीस न्हवं तिथं? एकेक काढून देत हुतीस."

"होय मावशी. मीच देत होते."

"मग तुलाबी माफ न्हाई," ती म्हणाली. "फुडच्या ऐतवारी ये."

नांदेडहून ते गाव लांब पडतं, बस बदलावी लागते. मी भांडं दोन्ही हातांत धरलं आणि त्या रुंद रस्त्यानं, पाय जपून टाकत, दुसऱ्या टोकाकडे चालायला लागले.